हिप-हॉप आणि अमेरिकेतील वंशचर्चा
हिप-हॉप आणि अमेरिकेतील वंशचर्चा : रॅप, डीजेइंग, ब्रेकडान्स व ग्राफिटी ही हिप-हॉपची चार अंगे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये 1970 च्या दशकात कृष्णवर्णीय, कॅरिबियन व प्वेर्तो रिकन तरुणांनी ती घडवली. वंशभेद व पोलिसी अत्याचार यांविषयी वस्तीतल्या माणसाची साक्ष देशाला ऐकवणे, हे या कलेचे मोठे सामाजिक कार्य होय.

उगम : 11 ऑगस्ट 1973 रोजी ब्रॉन्क्समधील सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरील 1520 क्रमांकाच्या इमारतीत मूळच्या जमैकाच्या डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत संगीत वाजवले, हा हिप-हॉपचा जन्मदिवस मानतात. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटूनपालटून लावून तो तालवाद्यांचा तुकडा लांबवत नेई. या तालावरच्या लयबद्ध बोलण्यातून रॅप आकारास आले. महामार्गासाठी घरे पाडलेल्या, आगींनी उजाड झालेल्या या भागातील जगणे ‘द मेसेज’ (1982) या गाण्याने देशभर पोहोचवले.

संघर्ष : लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधील एन.डब्ल्यू.ए. या गटाने 1988 मध्ये पोलिसांच्या दांडगाईवर जहाल गाणे काढले. पुढील वर्षी एफबीआय या केंद्रीय तपाससंस्थेच्या अधिकाऱ्याने ध्वनिमुद्रण कंपनीला निषेधाचे पत्र धाडले. मार्च 1991 मध्ये मात्र रॉडनी किंग या कृष्णवर्णीय वाहनचालकाला लॉस एंजेलिसचे पोलीस बेदम मारत असल्याचे चित्रीकरण साऱ्या देशाने पाहिले. वस्तीचे गाऱ्हाणे खरे ठरले. तरीही 29 एप्रिल 1992 रोजी ज्युरीने पोलिसांना जवळजवळ सर्व आरोपांतून सोडले आणि उसळलेल्या दंगलीत 50 हून अधिक लोक मृत्युमुखी पडले.

टीका व मान्यता : स्त्रियांविषयीची हीन भाषा हा रॅपवरील रास्त आक्षेप आहे. रॅपर क्वीन लतीफाने ‘युनिटी’ (1993) मधून अशा भाषेला रॅपमध्येच खडसावले. रॅपर केंड्रिक लामारचे ‘ऑलराइट’ (2015) वंशवादविरोधी मोर्च्यांत सामुदायिकपणे गायले गेले. 2018 मध्ये त्याच्या ‘डॅम’ या अल्बमला संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. अमेरिकेबाहेरही रॅप अशी साक्ष देऊ लागले : मुंबईत ‘स्वदेसी’ गटाने आरेतील प्रकाश भोईर यांच्यासह ‘द वारली रिव्हॉल्ट’मध्ये आदिवासींच्या जमिनीचा प्रश्न मांडला.

रॅपचे बोल आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयांत मांडले जात आले आहेत. अशा वापरावर मर्यादा घालणारा कायदा कॅलिफोर्नियाने 2022 मध्ये केला.