कुर्दी गालिचे : गाठ, ठोक आणि नक्षी

कुर्दी गालिच्यांचा मुलूख म्हणजे पश्चिम इराणातल्या झाग्रोसच्या डोंगररांगा आणि त्यांना लागून असलेला इराक व तुर्कस्तानचा पट्टा. आज जुने म्हणून जपले जाणारे बहुतेक नमुने 19 व्या शतकातले किंवा 20 व्या शतकाच्या आरंभीचे आहेत. गाठ सगळीकडे बहुधा तुर्की: लोकर ताण्याच्या दोन धाग्यांना वळसा घालून दोन्ही टोके त्यांच्या मधून वर काढलेली. तरीही दोन गावचे गालिचे एकसारखे होत नाहीत, याचे कारण बाण्यात आहे.

सनंदज ही अर्दलान या कुर्दी घराण्याच्या अमिरांची राजधानी होती. तिथे गाठींच्या दोन ओळींमध्ये बाण्याचा एकच धागा घालत. त्यामुळे गालिचा पातळ राही आणि त्याची पाठ हाताला खरखरीत लागे. मधल्या चौकोनाभोवती पाने वळलेली हेराती नक्षी तिथे अतिशय बारीक उतरे.

बिजारची तऱ्हाच निराळी. तिथे ओळीमागे अनेकदा तीन बाणे, त्यांतला एक जाड. ओला बाणा जड लोखंडी फणीने ठोकून इतका दाबत की गालिचा फळीसारखा ताठ होई. असा गालिचा घडी घातल्यास ताणा तुटण्याची भीती असते. तो गुंडाळूनच ठेवावा. विणकराला नमुना म्हणून आणि गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी ‘वागिरे’ नावाचा तुकडा विणत: त्यात नक्षीचा थोडा भाग, थोडी किनार, आणि सारे काही अर्धवट.

जाफ या कुर्दी टोळीच्या खोगीरपिशव्यांवर आकडेदार शंकरपाळे असतात. गाठी दर ओळीला एकेक धागा सरकवल्याने त्यांच्या तिरक्या रेषा सफाईदार येतात. इराणच्या शाह अब्बासने उझबेक हल्ले अडवायला 1600 च्या सुमारास खुरासानात वसवलेल्या कुर्दांचे काम मात्र शेजारच्या तुर्कमेनी वळणावर गेले.

लाल रंग मंजिष्ठेचा, निळा निळीचा. नीळ बरीचशी हिंदुस्थानातून जाई. 1860 नंतर युरोपातले कृत्रिम रंग आले. ते पाण्याने पसरत, उन्हाने विटत. इराणच्या नासिरुद्दीन शाहने 1882 मध्ये त्यांच्या आयातीवर बंदी घातली, पण ती फारशी पाळली गेली नाही. नक्षी पिढ्यान्‌पिढ्या जशीच्या तशी उचलली जात असल्याने कुर्दी गालिच्याचे वय ठरवताना जाणकार नक्षीपेक्षा रंगावर अधिक भिस्त ठेवतात.