एक वार, दोन वार, तीन वार : नाशिकच्या शिवारातील जमीन-लिलावांचा इतिहास

१/ थकबाकीदाराची जमीन लिलावात विकून घेणे हा आज अनेकांना स्वस्तात मालमत्ता मिळवण्याचा मार्ग वाटतो. पण या लिलावातली प्रत्येक अट, अगदी टक्क्यांचा आणि दिवसांचा हिशेबसुद्धा, दीडशे वर्षांच्या संघर्षातून आली आहे. त्या संघर्षात नाशिक जिल्ह्याचे स्थान काहीसे विचित्र होते.

२/ पेशवाईतही सावकार होते, कर्ज होते आणि दारात धरणे धरून बसणारे वसुलीदारही होते. मात्र कर्जापोटी कुणब्याची जमीन सरकारी अधिकाऱ्याकरवी बोली लावून विकणे ही नित्याची गोष्ट नव्हती. सावकाराला व्याज हवे असे. ते देणारा कुणबी जमिनीवर टिकून राहण्यातच त्याचा लाभ होता.

३/ इंग्रजी अमलात दोन गोष्टी बदलल्या. रयतवारी पद्धतीच्या मोजणीने (नाशिक भागात ती १८४० च्या दशकात झाली) प्रत्येक शेताला क्रमांक, ठरलेला आकार आणि नोंदलेला खातेदार मिळाला. म्हणजेच जमीन तारण ठेवता येईल आणि विकता येईल अशी वस्तू झाली. पुढे १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया कायद्याने तिच्या जप्तीची आणि विक्रीची रीत ठरवून दिली.

४/ त्याच वर्षीच्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दावा लावायला तीन वर्षे दिली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता, परिणाम उलटा झाला. मुदत संपत आली की सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. निरक्षर कुणबी त्यावर निशाणी करी. दावा लागला तरी तो बहुधा कचेरीत जात नसे आणि हुकूमनामा एकतर्फी होई.

५/ त्यानंतर जप्ती, दवंडी, कचेरीच्या भिंतीवर चिकटवलेली जाहिरात आणि लिलाव. बोली लावायला गावातले कोण येणार? ज्याच्यापाशी रोकड असे तो बहुतेकदा स्वतः सावकारच. धनकोच खरेदीदार होई. जमीन कमी किमतीत जाई, उरलेले कर्ज तसेच राही आणि कालचा खातेदार त्याच शेतात कूळ म्हणून राबे.

६/ अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाचे भाव चढले आणि कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले, पण रोखे कायम राहिले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी उठाव झाला. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे आणि हुकूमनामे जाळले गेले, कारण लिलावाची सुरुवात त्याच कागदांपासून होत असे.

७/ सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याचा गाभा असा : शेतकऱ्याची जमीन विशेषरीत्या गहाण दिलेली नसेल, तर साध्या पैशाच्या हुकूमनाम्यापोटी ती जप्त करता येणार नाही, विकताही येणार नाही. शिवाय रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला.

८/ मात्र हा कायदा प्रथम चारच जिल्ह्यांना लागू झाला : पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला १८६९ साली, आणि त्याचा मोठा भाग आधी अहमदनगरकडेच होता. जिल्ह्याची ती रेघ दहा वर्षे उशिरा ओढली असती, तर सिन्नर-निफाडच्या शेतकऱ्यालाही त्या पहिल्या संरक्षणाची छाया मिळाली असती. कोपरगावच्या शेतकऱ्याला ती मिळाली, शेजारच्या येवल्याच्या शेतकऱ्याला नाही. पुढे कायद्याचा विस्तार झाला, परंतु तोवर झालेले लिलाव मागे फिरले नाहीत.

९/ लिलावाचे नियमही हळूहळू सुधारले. १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार हुकूमनामा मिळवणाऱ्याला न्यायालयाच्या परवानगीविना बोली लावता येत नसे. केवळ किंमत कमी आली म्हणून लिलाव रद्द होत नसे. प्रक्रियेत मोठी अनियमितता झाली आणि त्यातून खरे नुकसान झाले, हे दाखवावे लागे. १८९४ साली एक महत्त्वाची खिडकी उघडली : ऋणकोने ३० दिवसांत देणे भरले आणि खरेदीदाराला किमतीच्या ५ टक्के भरपाई दिली, तर लिलाव रद्द.

१०/ ती खिडकी आजही बंद झालेली नाही. सहकारी संस्थांच्या वसुलीसाठी १९६१ च्या महाराष्ट्र नियमांतला नियम १०७ आहे. त्यानुसार बोली जिंकणाऱ्याने १५ टक्के रक्कम तत्काळ आणि बाकीची १५ दिवसांत भरायची. थकबाकीदाराला मात्र ३० दिवसांत देणे आणि ५ टक्के भरून जमीन सोडवता येते.

११/ बोली लावायला कोणीच आले नाही तर? महसुलाच्या थकबाकीसाठी १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम २२० सांगते की शासन नाममात्र बोलीवर ती जमीन घेऊ शकते. अशा जमिनींना ‘आकारीपड’ म्हणतात. बारा वर्षांच्या आत देणे फेडले तर जमीन परत मिळे. ती मुदत उलटलेल्यांसाठी जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बाजारमूल्याच्या ५ टक्के रक्कम घेऊन जमीन परत देण्याचा निर्णय केला.

१२/ नाशिकात हा विषय जुना झालेला नाही. नाशिक जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने अलीकडच्या वर्षांत थकबाकीदारांच्या जमिनींचे लिलाव पुकारले, तेव्हा शेतकरी संघटना रस्त्यावर उतरल्या. बँकेचा पक्षही पोकळ नाही : कर्ज फिटले नाही तर ठेवीदाराचा पैसा अडकतो, आणि तो ठेवीदारही अनेकदा शेतकरीच असतो.

१३/ १८७५ मध्ये एका बाजूस सावकार होता आणि दुसऱ्या बाजूस कुणबी. आज दोन्ही बाजूंना एकाच गावची माणसे उभी असतात. म्हणूनच ‘तीन वार’ पुकारल्यानंतरचे ते तीस दिवस ही कोरडी कायदेशीर तरतूद समजू नये. सातबाऱ्यावरचे नाव पुसले जाण्याआधी शेतकऱ्याला मिळणारा तो अखेरचा अवधी आहे, आणि कागद जाळणाऱ्या पिढीनंतर तो कायद्यात यायला जवळजवळ वीस वर्षे लागली.