धपाट्याची कुळकथा

सकाळी सोलापूर जिल्ह्यात, बार्शी तालुक्यातल्या वैरागात एखाद्या स्वयंपाकघरातून धपधप आवाज आला की समजावं, आज न्याहारीला धपाटे आहेत. पाटावर ओला रुमाल, त्यावर पिठाचा गोळा, आणि पाण्यात बुडवलेली बोटं त्याला मधून कडेकडे सारत नेतात. थापून झालं की भोकं पाडायची, रुमाल तसाच उचलून तव्यावर पालथा घालायचा आणि वरचं कापड अलगद सोलून घ्यायचं. पाठीत बसतो तो धपाटा आणि तव्यावर पडतं ते धपाटं, दोन्ही नावांत उघड्या तळहाताचा आवाज आहे.

ओला रुमाल हवा तो ज्वारीपायी. गव्हाच्या पिठाला चिकटा असतो, म्हणून पोळी लाटता येते. ज्वारीला तो नाही. बार्शी तालुक्याच्या काळ्या रानात पिकते ती रब्बीची ज्वारी, शाळू. जिल्ह्यातल्याच मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्वारीच्या पिठाची भाकरी थापता येते. पण त्यात मेथी, कांदा, काकडीचा कीस पडला की थापताना कडा फाटतात, उचलताना तुकडे होतात. म्हणून चार वाट्या ज्वारीला एकेक वाटी डाळीचं पीठ आणि कणीक, आणि खाली ओलं फडकं. थालीपीठ याचंच भावंड, पण त्याचं पीठ भाजणीचं, धपाट्याचं कच्चं.

आता आत काय पडतं ते पाहा. ज्वारी मूळची आफ्रिकेची, सुदानच्या बाजूची. मिरची अमेरिकेची; सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती इथे आली, तोवर तिखटपणा मिऱ्यांचा होता. धपाट्याबरोबर जी शेंगांची चटणी सोलापूरकर वाढतात, त्यातला शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेतलाच. परक्या मुलखातून आलेल्या या जिन्नसांना आपलंसं केलं ते इथल्या हातांनी.

स्कॉटलंडचा स्कोन याच गोत्रातला. तिथल्या थंड, ओल्या रानात ओट आणि जव पिकायचे, आणि त्यांनाही गव्हासारखा चिकटा नाही. म्हणून तिथेही जाड चानकी थापून तव्यावर भाजत. 1843 मध्ये इंग्लंडात आल्फ्रेड बर्ड यांनी बेकिंग पावडर तयार केली. पुढे स्कोन भट्टीत फुगू लागला, त्यात मनुका आल्या, चीज आलं. धपाटं मात्र तव्यावरच राहिलं.

काय घालायचं हे ठरवतो तो ऋतू आणि प्रवास. हिवाळ्यात मेथी, पावसाळ्यात काकडी. काकडी घातली तर पाणी बेतानं घ्यावं, कारण मीठ लागताच किसाला पाणी सुटतं. लांबच्या वाटेची शिदोरी असेल तर कांदा आणि काकडी टाळावी. लसूण, जिरं, ओवा आणि तीळ एवढ्यावर थापलेले धपाटे दुसऱ्या दिवशीही चांगले लागतात.

तुमच्या घरी ओट असतील तर ओट घाला, पालक असेल तर पालक. इतकी शतकं धपाट्यानं नव्याला नाही म्हटलेलं नाही. फक्त लाटणं बाजूला ठेवा आणि मुलांना एकदा तरी ओल्या रुमालावर थापायला बसवा. ही विद्या पाहून आणि करूनच येते.