हॉटेलातला गोंगाट कमी कसा करायचा? आधी छताकडे बघा

मुखेडच्या बसस्टँडकडच्या एखाद्या हॉटेलात सकाळच्या गर्दीत बसून बघा. सुशीला आणि भज्यांची ऑर्डर वेटर दोनदा विचारतो, समोरचा माणूस तिसऱ्यांदा ‘काय?’ म्हणतो आणि कमी ऐकू येणारे आजोबा बोलणंच सोडून देतात. संध्याकाळी बार-रेस्टॉरंटच्या हॉलमध्येही हेच, वर टीव्हीची भर. मालकाचं ठरलेलं उत्तर असतं, ‘गिऱ्हाईकच मोठ्यानं बोलतं, आम्ही काय करणार?’ मोठ्यानं बोलतं हे खरं आहे. पण त्याला तसं बोलायला बऱ्याचदा हॉलच भाग पाडतो.

आवाज मुरतो कुठं?

आवाज भिंतीवर आपटला की थोडा मुरतो, उरलेला परत फिरतो. पूर्ण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून तिचा शोषणांक १ धरतात. प्लास्टर, फरशी आणि टाइल यांचा साधारण ०.०१ ते ०.०३, म्हणजे शंभरातला ९७ भाग तरी परत हॉलमध्येच. जुन्या वाड्यात मधला चौक उघडा असायचा, ती एक भली मोठी खिडकीच होती. आता वर स्लॅब, खाली टाइल, समोर काच आणि एसीसाठी दार बंद. आवाजाला जायला जागाच नाही.

त्यात माणसाचा स्वभाव. आजूबाजूला गोंगाट वाढला की आपण नकळत आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार्द यांनी १९११ मध्ये हे नोंदवलं, म्हणून याला लोंबार्द परिणाम म्हणतात. एक टेबल चढलं की शेजारचं चढतं, मग पहिलं आणखी चढतं.

थोडं गणित

१८९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठातल्या एका सभागृहात व्याख्यान कुणाला कळतच नव्हतं. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकानं रात्री शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून तिथं मांडल्या आणि घुमणं किती कमी होतं ते मोजलं. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात: घुमण्याचा काळ (सेकंद) = ०.१६१ × हॉलचं घनफळ ÷ एकूण शोषण. घुमण्याचा काळ म्हणजे आवाज ६० डेसिबलनं खाली यायला लागणारा वेळ.

आपला हॉल १० × ६ मीटर, उंची ३ मीटर धरू. घनफळ १८० घनमीटर. भिंती, छत, फरशी मिळून २१६ चौरस मीटर. टेबल-खुर्च्या, दारं धरून सरासरी शोषणांक ०.०५ घेतला तर शोषण सुमारे ११, आणि घुमण्याचा काळ २.७ सेकंद. वीस माणसं बसली की त्यांचं साधारण ९ मिळून शोषण २० होतं, काळ दीड सेकंदाच्या आसपास. जेवायच्या जागी तो ०.६ ते ०.८ असला तर बोलणं सुखाचं होतं.

आता निम्म्या छताला, म्हणजे ३० चौरस मीटरला, ०.८ शोषणांकाचे पॅनल लावा. शोषणात २४ ची भर पडते, काळ ०.७ च्या खाली येतो. भरलेल्या हॉलचा आवाज गणितानं साडेतीन डेसिबलच्या जवळपास उतरतो. आकडा छोटा वाटेल, पण ३ डेसिबल म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्मी. शिवाय लोंबार्द परिणाम उलटा फिरतो, लोक आपोआप हळू बोलू लागतात. प्रत्यक्षातला फरक त्यामुळे जास्त जाणवतो.

काय लावायचं, काय नाही

५० मिमी जाडीची ग्लासवूल किंवा रॉकवूलची पाटी, चौकटीत बसवून वरून सुती कापड. कापडाला तोंड लावून फुंकर मारा, हवा आरपार गेली पाहिजे. रेग्झीन किंवा प्लास्टिक चढवलं तर बराच आवाज वरच्या वर परत फिरतो. छत आणि पाटी यांत ५ ते १० सेंमी फट ठेवली तर जाड, खालच्या पट्टीतला आवाजही बरा मुरतो. पंखे आड येत असतील तर पाट्या उभ्या टांगा, दोन्ही बाजू कामाला येतात.

अंड्यांचे ट्रे, थर्माकोल, पीव्हीसीचं चकचकीत सीलिंग यावर पैसे घालवू नका. थर्माकोल उष्णता अडवतो, आवाज मुरवत नाही, आणि पेटला तर विषारी धूर करतो. गोणपाटही तसंच पेटतं. जाड पडदा चुण्या पाडून लावला तर उपयोगी, ताणून लावला तर फारसा नाही. भट्टीजवळ मात्र काहीच लावू नका. तेलकट धूर कापडात बसतो आणि तेच आगीचं कारण होतं.

खर्चाआधी फुकटातली कामं. खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट, स्टीलची ताटं टाकायच्या टबात रबरी मॅट, खडखडणाऱ्या एक्झॉस्ट फॅनच्या बेअरिंगची दुरुस्ती, स्वयंपाकघराला आपोआप बंद होणारं दार. कोपऱ्यात एक मोठा स्पीकर कर्कश ठेवण्यापेक्षा चार छोटे हळू लावा.

शेजाऱ्यांची तक्रार हा वेगळा प्रश्न. तिथं पॅनल पुरत नाहीत, कारण मऊ वस्तू आवाज मुरवते, अडवत नाही. अडवायला वजन लागतं: विटेची भिंत, घट्ट बसणारं दार, बुजवलेल्या फटी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. रहिवासी भागात ती ५५ आणि ४५.

तुमचा हॉल कसा आहे हे बघायला उघडण्याआधी, रिकामा असताना, मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळीमागं शेपूट ऐकू आली तर टेप घेऊन छत मोजायला लागा.