बुद्धीची मोजपट्टी

शाळेंतील परीक्षा आणि वैद्याचें निदान या दोन गोष्टी आपण निराळ्या मानतों. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं पॅरिस शहरांत त्या दोहोंची गांठ पडली, आणि तींतून बुद्धिमापनाची पद्धति जन्मास आली. तिची कथा आज सांगावयाची आहे.

फ्रान्समध्यें १८८२ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें झालें. पूर्वीं ज्यांनीं शाळेचा उंबरठाही ओलांडला नसता, अशीं मुलें वर्गांत येऊन बसलीं. त्यांपैकीं कांहींना इतरांबरोबर चालवेना. त्यांची काय तजवीज करावी याचा विचार करण्यासाठीं शिक्षणमंत्र्यांनीं १९०४ सालीं एक मंडळ नेमलें. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने हे त्याचे सभासद होते.

अशा मुलांसाठीं निराळे वर्ग काढावयाचे, तर त्यांत कोणास घालावें? शिक्षकावर विसंबावें, तर खोडकर मुलासही मंद म्हणून दूर करण्याचा मोह त्यास पडावयाचा. वैद्यावर विसंबावें, तर तेथेंही एकवाक्यता नव्हती. बिने यांनीं वेड्यांच्या इस्पितळांतील दाखले ताडून पाहिले, तों मूल तेंच, पण इस्पितळ बदलतांच निदान बदललेलें!

म्हणून १९०५ सालीं बिने आणि तरुण वैद्य तेओदोर सिमाँ यांनीं ३० कसोट्यांची एक मालिका रचली. ऐकलेले आंकडे पुन्हां म्हणणें, दोन रेषांपैकीं लांब कोणती तें सांगणें, चित्रांतील वस्तु ओळखणें, अशा त्या साध्या कसोट्या होत्या. १९०८ सालीं त्या वयोमानाप्रमाणें लावण्यांत आल्या.

परंतु हें माप म्हणजे मुलाचें विधिलिखित आहे, असें बिने यांनीं कधींच मानलें नाहीं. बुद्धि वाढूं शकत नाहीं, या मतावर त्यांनीं १९०९ सालच्या ग्रंथांत कडक टीका केली. अवधान व स्मरण वाढविण्यासाठीं त्यांनीं व्यायाम योजले. पुतळ्याप्रमाणें निश्चल उभें राहण्याचा खेळ हा त्यांतलाच. १९११ सालीं ते निवर्तले.

त्यांच्या हयातींतच, १९०८ सालीं, हेन्री गॉडर्ड यांनीं ही मोजपट्टी अमेरिकेंत नेली होती. तेथें मात्र, बुद्धि ही जन्मजात व अचल आहे, या समजुतीशीं तिची सांगड घातली गेली. १९२७ सालीं कॅरी बक या तरुणीस शस्त्रक्रियेनें वंध्या करण्यास तेथील सर्वोच्च न्यायालयानें अनुमति दिली. तिचें मानसिक वय ९ वर्षांचें धरलें होतें, आणि तिच्या कांहीं महिन्यांच्या मुलीवरही मंदपणाचा शिक्का बसला होता. तीच मुलगी पुढें शाळेंत जाऊं लागली, आणि १९३१ सालीं तिचें नांव गुणवंतांच्या यादींत लागलें! दुसऱ्याच वर्षीं ती वारली. न्यायालयानें जिच्या घराण्यास बुद्धिहीन ठरविलें, तिची साक्ष एका साध्या शाळेनें अशी उलट दिली.

आपल्याकडेही व्ही. व्ही. कामत यांनीं बिने-कसोट्या मराठी व कानडी मुलांसाठीं बेतल्या, आणि १९४० सालीं त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. मोजपट्टी अशी देशोदेशीं पोहोंचली. तिच्याबरोबर बिने यांचा मूळ प्रश्नही पोहोंचावयास हवा होता. त्यांनीं विचारलें होतें, या मुलास शिकवावें कसें? ज्या निदानाच्या पाठीमागें हा प्रश्न नसतो, तें मुलाच्या कपाळीं केवळ डाग होऊन राहतें.