दाता, ओंडका आणि हात

रॉबर्ट फ्रॉस्ट यांची ‘आउट, आउट—’ ही कविता 1916 साली प्रसिद्ध झाली. व्हर्मांटमधील एका घराच्या अंगणात चुलीच्या मापाचे सरपण कापणे चालू असते. रात्रीच्या जेवणाची हाक येते आणि त्याच क्षणी करवत मुलाच्या हातावर झेपावते. शीर्षकातील ‘मॅकबेथ’चा संदर्भ, मृत्यूनंतर आपापल्या कामाकडे वळणारी माणसे, यांविषयी आपण वर्गात पुष्कळ बोलतो. ओंडका कापण्याच्या कामाविषयी मात्र सहसा बोलत नाही. त्या कामाचा इतिहास पाहिला तर या कवितेतील एक तपशील वेगळ्या प्रकाशात दिसतो.

कवितेतील करवत चकतीची आहे. अशी करवत एका जागी बसवलेली असे, लाकूड तिच्याकडे न्यावे लागे. करवत लाकडाकडे नेणे शक्य झाले ते साखळीमुळे. साखळी-करवतीच्या दोन जन्मकथा लोकप्रिय आहेत. पहिली प्रसूतिगृहातली. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्रे या स्कॉटिश वैद्यांनी दातेरी कड्यांची, दोन्ही हातांनी ओढायची एक बारीक साखळी वापरात आणली. अडलेल्या प्रसूतीत ओटीपोटाचा सांधा आणि रोगग्रस्त हाडे कापण्यासाठी ती होती. परंतु तत्त्वाचे साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. लाकडासाठीचे यंत्र वेगळ्या गरजेतून आले. आंद्रेआस श्टील यांनी 1926 साली जर्मनीत केलेली विजेवरची करवत ओंडक्यांचे तुकडे पाडण्यासाठीच होती. तिचे वजन सुमारे 48 किलो, आणि ती चालवायला दोन माणसे लागत.

दुसरी कथा अमेरिकेतील ऑरेगनची. तोवरच्या साखळीचे दाते लाकूड ओरखडत, भुसा पाडत आणि लवकर बोथट होत. 1946 साली जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणारी भुंगेऱ्याची अळी न्याहाळली. तिचे जबडे डावीउजवीकडे चालत, लाकडाच्या रेषांना समांतर तितक्याच सहजपणे आडवेही कापत. त्यावरून त्याने आळीपाळीने डावे-उजवे दाते असलेली साखळी घडवली आणि 1947 साली ती बाजारात आणली. हे दाते लाकूड ओरखडत नाहीत, त्याच्या चिपा काढतात. आजच्या साखळ्या मूलतः याच घडणीच्या आहेत.

अळीची कथा मनोहर आहे; पण प्रेरणेच्या त्या एका क्षणात रोजची मेहनत झाकली जाते. निसर्गाने अळीला जबडा दिला, साखळीच्या दात्याला मात्र माणसानेच गोल कानशीने पुन्हा पुन्हा धार लावावी लागते. चिपांऐवजी बारीक भुसा पडू लागला की धार गेली असे समजावे. तेव्हा जोर लावणारा थकतो, थांबून कानस घेणारा पुढे जातो. ओंडका दोन्ही टोकांवर टेकलेला असेल तर त्याची वरची बाजू दाबाखाली आणि खालची ताणाखाली असते. म्हणून वरून सुमारे एक-तृतीयांश कापून उरलेले खालून कापतात. एकच टोक टेकलेले असेल तर क्रम उलटा. हे चुकले की फट मिटते आणि करवत अडकते. जमिनीवरचा ओंडका आरपार न कापता उलटवून पुरा करतात, कारण मातीचा एक स्पर्शही धार घालवतो. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला तर यंत्र उसळून थेट माणसाच्या अंगावर येते. ओंडक्याचा भार कुठे आहे हे आधी वाचणे, हेच या कामातील खरे कौशल्य.

वेगाची किंमत हातानेच मोजली. करवत एका माणसाच्या हाती आली आणि तिच्या सततच्या कंपनांनी लाकूडतोड्यांची बोटे पांढरी, बधिर पडू लागली. कंपने शोषणाऱ्या मुठी 1960च्या दशकात आल्या, साखळी क्षणात थांबवणारा ब्रेक 1970च्या दशकात रूढ होऊ लागला. बोटे सुन्न झालेल्या पिढीच्या वाट्याला त्यांतले फारसे काही आले नाही.

आता पुन्हा कवितेकडे. दिवसाचे काम जवळजवळ संपलेले असताना मुलाला अर्धा तास आधी मोकळे केले असते तर, अशी हळहळ निवेदक व्यक्त करतो. आपण हे वाक्य करुणेचे म्हणून वाचतो, आणि ते तसे आहेच. पण ते कामाच्या जाणकाराचेही वाक्य आहे. थकलेला हात बोथट दात्यासारखा असतो. त्याच्यावर जोर दिला की अपघात होतो. त्या अंगणात मोठी माणसे होती, पण थांबा म्हणणारे कोणी नव्हते. करवत झेपावली असे कविता म्हणते. तिला ती संधी कोणी दिली, हा प्रश्न वर्गात विचारायला हवा.