फडावरची प्रीत आणि जात्यावरची प्रीत

सुरतेत मराठी लोकगीतांविषयी बोलावयाचे तर आरंभ खानदेशापासूनच करावा लागतो. ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० सालापर्यंत अमळनेरला पोहोचली. पुढे कापडधंद्यामुळे उधना, लिंबायत या भागांत खानदेशी बिऱ्हाडे वसली आणि त्यांच्याबरोबर अहिराणी गाणीही आली. या परंपरेत प्रीतीचे शब्द कोणाच्या तोंडी आहेत आणि रचले कोणी, एवढाच माझा प्रश्न आहे.

उत्तर पेशवाईत रामजोशी, होनाजी, सगनभाऊ यांनी लावणीत शृंगार रंगविला. तेथील विरहिणी विलक्षण धिटाईने बोलते. परंतु ते बोल पुरुषांचे. होनाजीची कवने बाळा करंजकर गात असे. फडावर स्त्रीवेषात नाचणारा नाच्याही पुरुषच. पुढे स्त्रिया फडावर आल्या, तेव्हा प्रतिष्ठितांनी त्यांची कला उपभोगली आणि त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले. घरच्या स्त्रीला जे बोलण्यास मज्जाव, तेच ऐकावयास पुरुष फडावर जात, ही विसंगती आमच्या वाङ्मयेतिहासकारांना फारशी बोचलेली दिसत नाही.

जात्यावरची ओवी मात्र स्त्रीची स्वतःची. तीत माया ओसंडते ती भावावर, आईवर, लेकरांवर. धनी येतो तो आडपडद्याने, कधी पागोट्यावरून, कधी बैलजोडीवरून. पतीचे नाव उच्चारणे निषिद्ध. सवलत काय ती उखाण्यात. हा संकोच प्रेमाच्या अभावातून आला असे मला वाटत नाही. सासू शेजारच्या खोलीत निजलेली असे, आणि जात्याची घरघर हाच सुनेचा आडोसा होता. सासुरवासही तिने तेथेच सांगितला.

अमळनेरला शिक्षक राहिलेल्या सानेगुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये अशा ओव्या संकलित केल्या; हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रयत्नांतून तर लाखाहून अधिक ओव्यांची नोंद झाली. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. तरुणपणीच वैधव्य आलेल्या या बाईंची गाणी सोपानदेवादी आप्तांनी टिपून ठेवली, म्हणूनच १९५२ साली ती ग्रंथरूपाने आली. ज्यांच्या घरी असे टिपणारे कोणी नव्हते, त्यांचे काय?

आखाजीच्या गाण्यांत गौराई माहेरवाशीण असते आणि शंकर तिला न्यावयास येतो. देवीलाही सासर चुकत नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी सुरतेतही घरोघर कानबाई बसते. त्या जागरणात आपल्या आजीने म्हटलेले गाणे आपणांपैकी कोणी लिहून घेईल, तर त्यावर 'पारंपरिक' असे न लिहिता तिचे नाव लिहावे.